हातबांधणीची मोटार आणि तिची शाकारणी



व्याख्यानमालेच्या चिटणीसांनी विषय विचारला तेव्हा त्यांची अपेक्षा अशी असावी की, मी वेतनकरारावर किंवा कंत्राटी कामगारांच्या प्रश्नावर बोलेन. मी विषय कळवला तो घरी बांधलेल्या मोटारीचा, आणि त्यातही ती मोटार पावसापाण्यात टिकवावी कशी याचा. कामगार-चळवळीतल्या माणसाला हा शौकिनांचा विषय कोठून सुचला, असे काहींच्या मनात आले असेल. माझे शाळेचे शिक्षण आठवीपर्यंतचे. पुढचे शिक्षण कारखान्याच्या देखभाल-खात्यात फिटर म्हणून आणि संध्याकाळी सार्वजनिक वाचनालयात झाले. त्यामुळे बांधलेली वस्तू टिकते कशी, हा प्रश्न मला पहिल्यापासून जवळचा आहे. आज मी जी गाडी आपल्यापुढे ठेवणार आहे तिच्यात या प्रश्नाचे उत्तर फार स्पष्ट दिसते, म्हणून हा विषय घेतला.

आता वैशाख चालू आहे. कौलारू घरात वाढलेल्यांना हे दिवस ठाऊक आहेत. मृग लागण्यापूर्वी माणूस छपरावर चढतो, फुटकी कौले बदलतो, सरकलेली जागेवर बसवतो, पन्हळीतला पाचोळा काढतो. या कामाला आपण शाकारणी म्हणतो. घर बांधले त्या वर्षी वास्तुशांत झाली, जेवणावळी उठल्या. शाकारणीची मात्र कोणी पत्रिका काढीत नाही. पण घर पन्नास वर्षे उभे राहते ते शाकारणीमुळे. मोटारीचेही तसेच आहे.

प्रथम ही गाडी काय आहे ते सांगतो. बग्गी म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे घोडा येतो. ही बग्गी बिनघोड्याची आहे. अमेरिकेत कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर ब्रूस मायर्स नावाचा एक गृहस्थ होता. दुसऱ्या महायुद्धात तो नौदलात होता. पुढे फायबरग्लासच्या, म्हणजे काचतंतू आणि राळ यांच्या होड्या बनवण्याचे काम त्याने केले. १९६४ साली त्याने होडीच्याच पद्धतीने साच्यातून एका लहान मोटारीचा टप काढला आणि त्याला जर्मन फोक्सवॅगन गाडीचे इंजिन व चाके जोडली. तिचे नाव ‘मायर्स मँक्स’. पहिल्या काही गाड्यांनंतर त्याने अधिक स्वस्त रीत काढली. जुनी फोक्सवॅगन बीटल घ्यायची, वरचा टप बोल्ट काढून उचलून बाजूला ठेवायचा, खालची चासी साडेचौदा इंच कापून आखूड करायची, पुन्हा जोडायची आणि तिच्यावर हा हलका टप बसवायचा. टप आणि काही सुटे भाग तो विके. बाकी सारे काम घेणाऱ्याने आपल्या घरामागच्या छपरीत करायचे. १९६७ साली मेक्सिकोतील बाहा कॅलिफोर्नियाच्या रेताड, खडकाळ मुलखात ला पाझ ते टिहुआना हे अंतर या गाडीने ३४ तास ४५ मिनिटांत काटले आणि मोटारसायकलीचा आधीचा विक्रम पाच तासांनी मागे टाकला. मग काय विचारता! जो तो हा साचा उचलू लागला. मायर्सने पेटंट घेतले होते, ते न्यायालयात टिकले नाही. नकला करणाऱ्यांनी बाजार भरून टाकला आणि १९७१ च्या सुमारास त्याची कंपनी बंद पडली. तो स्वतः २०२१ साली ९४ व्या वर्षी वारला. त्याच्या पहिल्या गाडीची नोंद त्याआधीच, २०१४ मध्ये, अमेरिकेच्या ऐतिहासिक वाहनांच्या राष्ट्रीय यादीत झाली होती.

या गाडीच्या पोटाखाली जी फोक्सवॅगनची चासी आहे, तिचा पूर्वेतिहास कामगार-चळवळीच्या माणसाने विसरू नये. २ मे १९३३ रोजी हिटलरच्या लोकांनी जर्मनीतील कामगार संघटनांच्या कचेऱ्या ताब्यात घेतल्या, त्यांची मालमत्ता जप्त केली आणि सरकारी ‘श्रमिक आघाडी’ उभी केली. त्या जप्त मालमत्तेतला पैसा पुढे फोक्सवॅगनच्या कारखान्याच्या उभारणीत गेला. १९३८ मध्ये कामगारांना सांगण्यात आले की, आठवड्याला पाच मार्क भरा, तिकिटे चिकटवा, ९९० मार्क झाले की तुमची मोटार तुम्हाला मिळेल. सुमारे ३ लाख ३६ हजार लोकांनी पैसे भरले. एकालाही मोटार मिळाली नाही. युद्ध सुरू झाले, कारखाना लष्करी गाड्या काढू लागला आणि त्यात वेठीला धरलेले परदेशी मजूर राबवले गेले. युद्धानंतर तिकिटे भरणाऱ्यांनी दावा लावला, तो वर्षानुवर्षे चालला आणि १९६१ मध्ये थोड्याशा सवलतीवर तडजोड झाली. ज्या गाडीचे वचन देऊन कामगारांना लुबाडले, तिचीच जुनी, मोडीत निघालेली चासी पुढे सामान्य माणसांनी स्वस्तात घेतली आणि तिच्यावर स्वतःच्या हातांनी हवी तशी गाडी बांधली. मला या गोष्टीचे मोल त्या विक्रमापेक्षा जास्त वाटते.

साठीच्या दशकाच्या अखेरीस ही बग्गी इंग्लंडात पोहोचली. तेथे सुट्या भागांची मोटार घरी बांधण्याची चाल आधीच पडली होती. कारण कराचे होते. तयार नव्या मोटारीवर खरेदी-कर बसे. भाग विकत घेऊन मालकाने स्वतः जोडलेल्या गाडीवर तो बसत नसे. १९५७ मध्ये निघालेली ‘लोटस सेव्हन’ ही लहान मोटार अशीच अनेकांनी घरी बांधली. १९७३ च्या एप्रिलमध्ये खरेदी-कर जाऊन मूल्यवर्धित कर आला आणि ही सवलत संपली. तरी छंद संपला नाही. करासाठी पाना हातात घेतलेल्या माणसाला पुढे पान्याचीच गोडी लागली होती.

पण इंग्लंड म्हणजे कॅलिफोर्निया नव्हे. उघड्या आभाळाखाली कोरड्या वाळूत खेळण्यासाठी जन्मलेली ही गाडी, बारा महिने रिपरिप पाऊस आणि हिवाळ्यात रस्त्यावर बर्फ वितळवायला टाकलेले मीठ, अशा मुलखात येऊन पडली. गाडी बांधणे महिन्या-दोन महिन्यांचे काम ठरले, तर ती कोरडी ठेवणे हा कायमचा उद्योग होऊन बसला. आता मी त्या उद्योगाकडे वळतो.

पाण्याशी झगडताना पहिला नियम असा की, पाणी सगळे अडवता येत नाही, म्हणून त्याला जाण्याची वाट ठेवावी. नवखा माणूस काय करतो? गाडीत पाणी आले की जेथे फट दिसेल तेथे रबरी लेप भरतो. वरून आलेले पाणी मग आतच कोंडते. बीटलच्या चासीचा तळ पत्र्याचा आहे. त्यावर रबरी चटई आणि चटईखाली ओल, असे दोन पावसाळे गेले की तळ आतून कुजतो. वरून पाहणाऱ्याला चटई नवी दिसते आणि खाली पत्रा पापडासारखा झालेला असतो. लोखंडाला गंजायला पाणी आणि हवेतला प्राणवायू एवढेच पुरते. मीठ त्याचा वेग वाढवते. म्हणून जाणकार मिस्त्री चटई चिकटवून टाकीत नाही, ती उचलता येईल अशी ठेवतो. तळाला सर्वांत खोल जागी निचऱ्याची भोके पाडतो, भोकांच्या कडा रंगवतो आणि भोके चिखलाने बुजली नाहीत ना, हे दर महिन्याला तारेने पाहतो. मागच्या आसनाखाली उजव्या बाजूला या गाडीची बॅटरी असते. तिच्या आम्लाने खालचा पत्रा सगळ्यांत आधी जातो. बॅटरी उचलून तो पत्रा पाहिल्याशिवाय जुनी चासी विकत घेऊ नये, असे जाणते लोक सांगतात ते यासाठीच.

टप आणि चासी यांच्या सांध्यात रबराची पट्टी लागते. ती बोल्ट आवळण्यापूर्वी बसवायची. नंतर वरून लेप थापून ते काम होत नाही. बोल्टखाली मोठा वायसर हवा, नाहीतर फायबरग्लासला बोल्टच्या भोवती तडे जातात. फायबरग्लास गंजत नाही हे खरे, म्हणून पुष्कळ जण त्याच्याकडे बघतच नाहीत. पण त्याच्या वरच्या गुळगुळीत थराला तडा गेला, किंवा दिव्यासाठी कापलेली कड तशीच उघडी राहिली, की तंतूंच्या वाटेने पाणी आत शिरते. कापलेली प्रत्येक कड राळेने पुन्हा बंद करावी लागते. होडी बांधणारा हे न सांगता करतो.

दुसरी गोष्ट छपराची. बग्गीला घडीचा टप असतो, तोही पुष्कळदा मागाहून शिवून घेतलेला. येथे शाकारणीचे शास्त्र जसेच्या तसे लागू पडते. वरचे कौल खालच्या कौलावर चढलेले असावे, म्हणजे पाणी उतरताना फटीत शिरत नाही. कापडाची शिवणही तशीच, वरची पट्टी खालच्या पट्टीवर आणि दुमड उताराच्या दिशेने. सुईने पाडलेले प्रत्येक भोक म्हणजे एक पागोळी. म्हणून शिवण आतून पट्टीने किंवा मेणाने बंद करतात. टप सपाट ताणला तर मध्ये पाण्याचे तळे साचते आणि वजनाने कापड ओघळते. म्हणून मधली कमान थोडी उंच हवी. बाजूच्या पारदर्शक पडद्यांची घडी थंडीत घालू नये, त्या घडीवरच ते चिरतात.

तिसरी गोष्ट समोरच्या काचेची. पाऊस बाहेर आणि श्वास आत, म्हणजे काच धुरकटणार. बीटलमध्ये इंजिनाच्या उष्णतेने तापलेली हवा दोन्ही बाजूंच्या पोकळ पट्ट्यांतून काचेपर्यंत येते. पण त्या पट्ट्या मूळ टपाचा भाग आहेत. टप उचलून टाकला की उष्ण हवेची वाटही गेली! बग्गी बांधणाऱ्या कित्येकांच्या हे पहिल्या पावसातच ध्यानात आले. आता कोणी नळी टाकून ती वाट पुन्हा बांधतात, कोणी विजेचा लहान पंखा बसवतात. एखादा भाग निरुपयोगी म्हणून काढून टाकण्यापूर्वी तो गुपचूप आणखी कोणते काम करीत होता हे विचारावे, एवढे यातून दिसते. कारखान्यात माणसे कमी करताना हा प्रश्न मी व्यवस्थापनाला अनेकदा विचारला आहे.

चौथी गोष्ट विजेची. लोखंडी मोटारीत दिव्याला एकच तार पुरते. वीज परत जाते ती गाडीच्या पत्र्यातून. फायबरग्लासमधून वीज जात नाही. तेव्हा प्रत्येक दिव्याला, भोंग्याला, वायपरला परतीची वेगळी तार हवी आणि त्या सगळ्या तारा चासीवर एका स्वच्छ घासलेल्या जागी आवळलेल्या हव्यात. ती जागा गंजली की डावा दिवा लावताच उजवा मंद होतो आणि लोक विनाकारण बॅटरी बदलत बसतात. तार दिव्यात शिरण्यापूर्वी तिला खाली एक झोल द्यावा, म्हणजे तारेवरून ओघळणारे पाणी झोलाशी गळून पडते. टपातून तार जाते तेथे रबरी कडे हवे. इंजिन मागे उघडेच असते. मागच्या चाकांनी उडवलेले पाणी ठिणगी वाटणाऱ्या डबीवर बसते, ठिणगी भलतीकडे पळते आणि गाडी भर पावसात थांबते. त्यासाठी डबी कोरडी ठेवणे, तिच्यावर आडोसा करणे आणि जुन्या संपर्कबिंदूंच्या जागी इलेक्ट्रॉनिक जुळणी बसवणे, हे तीन उपाय आहेत. पहिले दोन जवळजवळ फुकट आहेत. बहुतेक जण तिसऱ्यापासून सुरुवात करतात.

येथे मी सुधारणेच्या क्रमाकडे येतो, कारण खरा मतभेद तेथेच आहे. गाडी जुनी झाली, आता तिला वर आणायचे, म्हटले की माणसाला आधी मोठे इंजिन सुचते. बाराशेचे काढून सोळाशेचे घालू या! माझ्या मते हा क्रम उलटा आहे. पहिला क्रम ब्रेकचा. जुन्या बीटलला ब्रेकच्या तेलाचे एकच मंडल असे; एक नळी फुटली की चारही चाके मोकळी. तेथे दोन स्वतंत्र मंडले असलेला मुख्य सिलिंडर बसवावा आणि पुढच्या चाकांना डिस्क-ब्रेक. शिवाय ब्रेकचे तेल हवेतले पाणी शोषून घेते, हे पुष्कळांना माहीत नसते. उतारावर ब्रेक तापले की त्या पाण्याची वाफ होते. तेल दाबले जात नाही, वाफ दाबली जाते, आणि पायाखालचा ब्रेक भुसभुशीत मातीसारखा खचतो. म्हणून तेल साधारण दोन वर्षांनी बदलावे, गाडी धावो अथवा न धावो. दुसरा क्रम आसनपट्ट्यांचा. पट्टा फायबरग्लासला बांधला तर धक्क्याबरोबर तो टपाचा तुकडा घेऊन बाहेर येईल. तो लोखंडी सांगाड्यालाच जखडला पाहिजे. तिसरा क्रम पेट्रोलच्या नळ्यांचा. इंग्लंडात सप्टेंबर २०२१ पासून साध्या पेट्रोलमध्ये दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते आणि जुन्या रबराला ते सोसत नाही. नळी चिरली, पेट्रोल तापलेल्या इंजिनावर गळले, तर पुढे काय होते ते सांगायला नको. वीज आणि पाणी यांचा बंदोबस्त चौथा. हे सगळे झाल्यावर हौस उरली तर इंजिन. तेव्हाही इंजिनाभोवतीचे पत्रे शोभा वाढवण्यासाठी काढून टाकू नयेत. हे इंजिन पाण्याने नव्हे, हवेने थंड होते आणि ती हवा सिलिंडरांवरून नेण्याचे काम तेच पत्रे करतात.

आता आपल्याकडे वळू. सांगली जिल्ह्यातील देवराष्ट्रे, म्हणजे यशवंतराव चव्हाणांचे जन्मगाव, येथील दत्तात्रय लोहार यांनी भंगारातील भागांतून एक लहान चारचाकी बांधली; स्कूटरीप्रमाणे लाथ मारून सुरू होणारी. २०२१ च्या डिसेंबरात तिचे चित्रण देशभर पाहिले गेले. आनंद महिंद्र यांनी तिच्या बदल्यात बोलेरो देऊ केली आणि जानेवारी २०२२ मध्ये ती दिलीही. कौतुक झाले, चांगले झाले. पण ही गाडी नियमांत बसत नाही, असे महिंद्रांनी पहिल्याच संदेशात म्हटले होते, तेही खरे होते. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम सांगते की, नोंदणीच्या दाखल्यातला तपशील निर्मात्याच्या मूळ तपशिलाहून वेगळा पडेल असा बदल मालकाने करू नये. नव्या गाडीचा नमुना मान्य करून घ्यायचा तो पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेकडून, आणि ती सारी रीत कारखानदाराच्या आवाक्यातली आहे. एकट्याने बांधलेल्या एकाच गाडीला रस्त्यावर आणण्याची सोपी वाट आपल्याकडे नाही.

कोणी म्हणेल, नसलेलीच बरी. उद्या जो तो काहीतरी ठोकून रस्त्यावर आणील आणि माणसे मरतील. ही शंका रास्त आहे. आताच मी ब्रेकच्या वाफेविषयी बोललो, तेव्हा धोका मला दिसत नाही असे नाही. पण त्याचे उत्तर कडक परीक्षा हे आहे, सरसकट दार बंद करणे हे नव्हे. इंग्लंडात १९९८ पासून अशा एकेका गाडीची स्वतंत्र तपासणी होऊ लागली, २००९ पासून तिचे रूप अधिक कडक झाले. ब्रेक, दिवे, पट्टे, धारदार कडा, सगळे तपासतात. नापास झाली तर दुरुस्त करून पुन्हा आणा म्हणतात. अशी परीक्षा आपल्याकडे का नसावी? औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतली आपली मुले दोन दोन वर्षे फिटर आणि मोटार-मेकॅनिकचे काम शिकतात. त्यांच्यापुढे एक आखी गाडी बांधून ती पास करून घेण्याचे ध्येय ठेवले, तर त्यांना एक बोल्ट नव्हे, सगळे यंत्र समजेल.

सगळे यंत्र समजण्याचा हा प्रश्न बग्गीपुरता नाही. आजच्या मोटारी, पंप, ट्रॅक्टर अशा येत आहेत की, झाकण उघडले तरी आत काय चालले आहे ते गावच्या मिस्त्रीला कळू नये. दुरुस्तीची माहिती आणि साधने कंपनीच्या हाती राहतात. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्याने २०१२ मध्ये मोटारींच्या दुरुस्तीची माहिती स्वतंत्र गॅरेजांनाही मिळाली पाहिजे असा कायदा केला. आपल्या केंद्र सरकारने २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि त्याच वर्षाअखेरीस माहितीचे संकेतस्थळ उघडले. माहिती देणे कंपनीच्या मर्जीवर न राहता ते तिच्यावर बंधन व्हावे, अशी मागणी आता कामगार संघटनांनी आणि ग्राहक संघटनांनी मिळून केली पाहिजे. गॅरेजातला मिस्त्री हाही कामगारच आहे, जरी त्याच्या हजेरीची वही कोठे नसली तरी.

शेवटी माझ्या स्वतःच्या क्षेत्राबद्दल थोडे. मी ज्या कारखान्यात होतो तेथे एका वर्षी देखभाल-खात्यातील माणसे निम्म्यावर आणली. हिशेबात ती बचत दिसली. पुढच्या पावसाळ्यात छपराची पन्हळ तुंबली, पाणी विजेच्या पेटीत उतरले आणि दोन पाळ्या बंद पडल्या. काढलेल्या माणसांपैकी एक जण दर मे महिन्यात न सांगता ती पन्हळ साफ करीत असे. किती माल निघाला हे वहीत लिहिलेले असते. जे यंत्र बिघडले नाही, जी भिंत गळली नाही, त्यांची नोंद कोणी ठेवीत नाही. म्हणून कपातीची कुऱ्हाड प्रथम त्या हातांवर पडते. गटार साफ करणारे, रेल्वेचे रूळ तपासणारे, तारांवर चढणारे, हे सारे समाजाची शाकारणी करणारे लोक आहेत आणि त्यांतले कितीतरी आज ठेकेदाराच्या रोजंदारीवर आहेत. कायम स्वरूपाच्या कामाला कायम माणूस, ही आमची जुनी मागणी आहे. आज तुमच्यापुढे मी ती एका बग्गीच्या निमित्ताने पुन्हा मांडली, एवढेच.

संघटनेचेही तेच आहे. फाटकावर सभा भरवून युनियनचा फलक लावायला एक दिवस लागतो. पुढे वर्गणीची पावती, हजेरीची तक्रार, सभासदाच्या बायकोचे आजारपण, हे रोज पाहावे लागते. न पाहिले तर पहिल्या वळवातच ओल धरते. वळवाला आता फार दिवस नाहीत. घरी जाल तेव्हा आपापली पन्हळ पाहून घ्या, आणि ती साफ करणारा माणूस कोणाच्या हजेरीवर आहे, त्याला काय मिळते, हेही विचारा.